जपानी पाहुणा अजिंठ्याला येतो, मग वऱ्हाडात का थांबत नाही?

१. आधी प्रश्न नीट मांडू

अमरावती-अकोल्याकडची माणसं अजिंठा पाहून आली की हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला : ही जपानी मंडळी हजारो किलोमीटरवरून इथल्या अंधाऱ्या भिंती बघायला का येतात? दुसरा जरा दुखऱ्या सुरात येतो : एवढ्या लांब येतात, मग दोन पावलं पुढे आपल्याकडे का येत नाहीत? जळगाव स्टेशन अकोल्याहून रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास आहे. बुलडाणा जिल्हा तर अजिंठ्याच्या डोंगराला लागूनच आहे. पाहुणा उंबऱ्याशी येऊन परत जातो, हे वऱ्हाडी माणसाला खटकणारच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलं आहे. पाहुणा कशासाठी येतो हे कळलं, की त्याला काय लागतं ते कळतं. आणि काय लागतं ते कळलं, की आपल्याकडे काय आहे आणि काय नाही याचा हिशेब मांडता येतो. या प्रकरणात आपण त्याच क्रमानं जाऊ.

आकडे डोळ्यांसमोर असू द्यावेत. करोनाच्या आधीच्या वर्षी, २०१९ मध्ये, भारतात जपानहून सुमारे २.४ लाख आणि चीनहून सुमारे ३.४ लाख माणसं आली. त्यात कंपन्यांच्या कामाला आलेलेही धरले आहेत. त्याच वर्षी चीनमधून बाहेर पडलेल्या प्रवासांची संख्या १५ कोटींच्या वर होती. म्हणजे भारताच्या वाट्याला त्यातला अगदी कण आला. त्या कणातला कण अजिंठ्याला पोचतो. वऱ्हाडानं लाखोंची स्वप्नं पाहू नयेत. वर्षाला काही शे माणसं जरी एक रात्र थांबली, तरी वाशीम किंवा लोणारसारख्या गावातल्या चार-दोन लॉजना, गाडीवाल्यांना आणि जेवण करून घालणाऱ्या बायांना त्याचा फरक जाणवेल.

२. जपानी माणूस अजिंठ्यात काय शोधतो?

जपानमध्ये नारा शहराजवळ होर्यूजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. जगात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींमध्ये त्याची गणना होते. त्याच्या मुख्य सभागृहाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीला बुद्ध आणि बोधिसत्त्व रंगवलेले होते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि होर्यूजीतला बोधिसत्त्व यांची चित्रं शेजारी ठेवली, तर मान कलती ठेवण्याची ढब, अर्धे मिटलेले डोळे, बोटांची नाजूक वळणं यांत नातं उघड दिसतं. ही शैली मध्य आशिया आणि चीन या वाटेनं, कित्येक पिढ्यांच्या हातांतून जपानपर्यंत पोचली. म्हणून शिकलेल्या जपानी माणसाला अजिंठा परका वाटत नाही. आपल्याकडच्या चित्रांची आजी पाहावी, अशा भावनेनं तो येतो.

हे नातं जपानी विद्वानांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. ओकाकुरा काकुझो हा कला-विचारवंत १९०१-०२ मध्ये भारतात आला आणि त्यानंतरच्या त्याच्या लिखाणात आशियाची कला एकच आहे, हा विचार ठामपणे आला. त्याच्यानंतर आला अराई काम्पो हा चित्रकार. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले होते. त्यांच्या ओळखीतून तो कोलकात्याला आला आणि पुढे १९१७-१८ मध्ये अजिंठ्याला राहून त्यानं भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत महाभूकंप झाला, शहर पेटलं आणि त्यात त्या जळाल्या.

अजिंठ्याच्या प्रती आगीत जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून कित्येक वर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या. गिलचं थडगं भुसावळला आहे. आपल्या रेल्वेच्या वाटेवरचं गाव, पण तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आणि मग होर्यूजी. तिथल्या चित्रांच्या प्रती करण्याचं मोठं काम १९४० मध्ये सुरू झालं, त्यात हाच अराई काम्पो होता. दोन्ही भिंतींपुढे बसून रंगवलेला असा माणूस विरळाच. काम पुरं व्हायच्या आत, १९४५ मध्ये तो वारला. २६ जानेवारी १९४९ ला, प्रतींचं काम चालू असतानाच सभागृहाला आग लागली आणि मूळ चित्रं होरपळून गेली. त्या धक्क्यातून जपाननं १९५० मध्ये सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा केला. आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो, त्याच २६ जानेवारीला जपानमधल्या मंदिरांत दरवर्षी आग विझवण्याच्या कवायती होतात.

आता पद्मपाणीपुढे गप्प उभ्या असलेल्या वयस्कर जपानी बाईंकडे पाहा. त्यांच्या देशातली भिंत जळून गेली आहे, तिची थोरली बहीण इथे शाबूत आहे. त्यांना त्या क्षणी शांतता हवी असते आणि थोडा वेळ हवा असतो. पाहुणचाराचा पहिला धडा हाच, आणि त्याला पैसा लागत नाही.

३. चिनी पाहुण्याची वाट वेगळी

चिनी आणि जपानी यांना एका मापानं मोजू नये. चिनी माणसाच्या मनात भारताचं जे चित्र आहे, त्याच्या मध्यभागी एक भिक्षू आहे : ह्युएन त्संग. सातव्या शतकात तो चीनमधून निघाला, सुमारे सोळा वर्षं फिरला आणि ६४५ मध्ये ग्रंथांचे ढीग घेऊन परतला. सोळाव्या शतकात त्याच्या प्रवासावर एक अद्भुत कादंबरी लिहिली गेली. तिच्यात त्याच्यासोबत एक पराक्रमी वानर आहे. चीनमधल्या प्रत्येक पोराला ती गोष्ट माहीत असते.

हा ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल आणि इथल्या माणसांच्या मानी स्वभावाबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. या देशाच्या पूर्वेकडच्या डोंगरात, दरीत कोरलेल्या एका मोठ्या विहाराचं वर्णनही त्यानं केलं. तो विहार आचार नावाच्या अर्हतानं उभारला आणि त्याच्या दारापुढे दगडी हत्ती आहेत, असं तो सांगतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याकडे चढताना दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आजही आहेत, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात अचल नावाच्या स्थविराचा उल्लेख येतो. म्हणून बहुतेक अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचंच मानतात.

चिनी गटाला सोळाव्या लेण्याच्या हत्तींपाशी उभं करून एवढंच सांगितलं तरी पुरे, की तुमच्या गोष्टीतल्या भिक्षूनं हे हत्ती लिहून ठेवले आहेत. जपानी गटाला पहिल्या लेण्यातून सुरुवात करून द्यावी आणि चिनी गटाला सोळाव्यातून. डोंगर एक, पण आत शिरण्याची वाट ज्याच्या त्याच्या मनातून जाते. हे ओळखणारा गाइड पन्नास फलकांपेक्षा जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे.

चिनी पाहुण्यांची ये-जा मध्यंतरी जवळजवळ थांबली होती. २०२० नंतर पर्यटन व्हिसा बंद होता. २४ जुलै २०२५ पासून भारतानं तो पुन्हा द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थेट विमानंही सुरू झाली. जपानी नागरिकांना मात्र १ मार्च २०१६ पासून मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर उतरल्यावरच व्हिसा मिळण्याची सोय आहे.

४. अजिंठ्यानं काय केलं?

अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासासाठी जपान सरकारनं स्वस्त व्याजाचं कर्ज दिलं. पहिला करार १९९२ मध्ये झाला, ३७४.५ कोटी येनचा. दुसरा २००३ मध्ये, ७३३.१ कोटी येनचा. ज्या संस्थेला आपण आज जायका म्हणून ओळखतो, तिच्या पूर्वीच्या संस्थांमार्फत हे पैसे आले. त्यातून लेण्यांची डागडुजी, रस्ते, पाणीपुरवठा, झाडं लावणं, औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) विमानतळ अशी कामं झाली.

पाहुण्याला प्रत्यक्ष दिसणारा बदल म्हणजे फर्दापूरजवळचा टी-पॉइंट. खासगी गाड्या तिथेच थांबतात. पुढचे चारेक किलोमीटर कमी धूर सोडणाऱ्या बसनं जायचं. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अजिंठ्याची चित्रं ओल्या भिंतीत मुरवलेली नाहीत. दगडावर माती, तूस आणि गवताचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर, आणि त्या कोरड्या थरावर रंग, अशी त्यांची रचना आहे. धूर, ओल, उष्णता आणि झगझगीत उजेड या सगळ्यांनी हा थर कमकुवत होतो. रंगीत लुगडं रोज उन्हात दांडीवर टाकलं की विटतं, तसंच हे. म्हणून चित्रांच्या लेण्यांत मंद दिवे आहेत, फ्लॅशला बंदी आहे आणि एका वेळी आत जाणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. माणूस श्वासातूनही ओल सोडतोच.

चित्रांपुढची गर्दी कमी व्हावी, म्हणून टी-पॉइंटजवळ एक मोठं अभ्यागत केंद्र बांधलं गेलं. त्यात निवडक लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या. कल्पना उत्तम होती. होर्यूजी आणि अराई काम्पोची हकीकत ज्याला माहीत आहे, त्याला प्रतीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पण काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. बांधायला कर्ज मिळतं. रोजचा दिवा लावायला, नळाला पाणी ठेवायला आणि झाडू मारायला ते मिळत नाही. वऱ्हाडात कुणी भव्य केंद्राचा आराखडा घेऊन आलं, तर पहिला प्रश्न दरमहा बिल कोण भरणार हाच असावा.

सरकारी कागदाबाहेरही एक व्यवस्था तिथे आपोआप उभी राहिली. परवानाधारक गाइडांपैकी काही जण जपानी शिकले. रंगीत खडे आणि स्फटिक विकणाऱ्या अनेक फेरीवाल्यांना कामापुरती जपानी वाक्यं येतात. त्यांची हुशारी मान्य करावी लागेल. पण मागे लागून विकण्याचा त्रास पाहुण्याला होतो हेही खरं. जपानमध्ये दुकानात घासाघीस नसते. किंमत लिहिलेली असते आणि ती दिली जाते. भाव लिहिलेली चिठ्ठी मालावर चिकटवली, तर तोच विक्रेता कमी बोलून जास्त विकेल.

५. रात्रीचं गरम पाणी आणि कांद्याविना भाजी

आता रोजच्या गरजांकडे येऊ. यातल्या बहुतेक गोष्टी साध्या आहेत, आणि त्या साध्या असल्यामुळेच राहून जातात.

अंघोळ घ्या. जपानी माणूस रात्री अंघोळ करतो. दिवसभराचा शीण घालवून, स्वच्छ होऊन अंथरुणात जायचं, ही तिथली रीत. आपल्याकडच्या बहुतेक लॉजमध्ये गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच मिळतं. लोणारची चढउतार करून, धुळीनं माखून संध्याकाळी खोलीवर आलेल्या साठीच्या पाहुण्याला थंड नळाखाली उभं केलं, तर त्याच्या मनातलं वऱ्हाड तिथंच संपतं. गिझरची वेळ बदलायला काहीच खर्च नाही.

चिनी पाहुण्याला गरम पाणी लागतं ते प्यायला. थंड पाणी पोटाला बरं नाही, अशी तिथे पक्की समजूत आहे. खोलीत विजेची किटली आणि दोन कप ठेवले की तो खूश. सोबतच्या पुडीतला चहा तो स्वतः करून घेतो.

जेवणात आपण उगाच घाबरतो. गाड्यावर मिळणारं ‘चायनीज’ हे कोलकात्यात जन्मलेलं भारतीय अन्न आहे. ते चिनी पाहुण्यासमोर ठेवण्याची गरज नाही. मऊ भात, फिकं वरण, बिनतिखटाची वरणफळं, उकडलेली अंडी, केळी, गरम कण्या एवढ्यावर दोघांचंही भागतं. सावजीचा रस्सा चवीपुरता वाटीत द्यावा. ज्याला हवा तो मागून घेईल. कच्ची कोशिंबीर आणि नळाचं पाणी टाळावं, कारण पोट बिघडलं की सहलीचे दोन दिवस जातात.

एक गोष्ट मात्र वऱ्हाडाला फार सोपी आहे. चीन आणि तैवानमधले शाकाहारी बौद्ध कांदा-लसूण खात नाहीत. हे उग्र पदार्थ मन चाळवतात, असं ते मानतात. मोठ्या शहरातलं हॉटेल अशी मागणी ऐकून गोंधळतं. पण आपल्याकडे वाशीम जिल्ह्यातलं शिरपूर जैन आहे, परतवाड्यापुढे मेळघाटच्या पायथ्याशी मुक्तागिरी आहे. या भागातल्या आचाऱ्यांना कांदा-लसणाविना चवदार स्वयंपाक करायला कुणी शिकवायला नको. ते कसब कारंजा-वाशीमच्या घराघरांतही आहे.

मग शौचालय. इथे एक गणित करून पाहू. ३० जणांची बस थांबली, शौचालयं दोन, प्रत्येकाला तीन मिनिटं. ३० गुणिले ३ म्हणजे ९० मिनिटं, भागिले दोन, म्हणजे पाऊण तास. शौचालयं पाच असली, तर अठरा मिनिटं. जपानी सहलीचं वेळापत्रक मिनिटांवर आखलेलं असतं, त्यामुळे जिथे पाऊण तास जातो, तो थांबा पुढच्या वर्षी यादीतून गळतो. लेणं कितीही सुंदर असो, त्या वाटेवर पाच स्वच्छ शौचालयं नसली तर गट येत नाही. त्यांतली किमान दोन कमोडची हवीत, कारण बौद्ध स्थळांच्या सहलींना येणारे पुष्कळ जण निवृत्त असतात आणि गुडघे तिथेही दुखतातच.

६. लॉजवाला ‘जागा नाही’ का म्हणतो?

परदेशी माणूस लहान गावात न थांबण्याचं एक कारण फार थोड्यांना माहीत आहे. परदेशी पाहुणा ठेवला, की हॉटेलमालकाला त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारी संकेतस्थळावर भरावी लागते. याला सी फॉर्म म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार, एवढंच त्यात असतं. पण त्यासाठी आधी हॉटेलची नोंदणी लागते. ती नसते, पोलिसांचं लचांड नको वाटतं, म्हणून मालक ‘खोली शिल्लक नाही’ सांगून मोकळा होतो. पाहुणा समजतो, या गावाला मी नको आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एका दिवसाचं शिबिर घेऊन दहा-वीस लॉजची नोंदणी करून दिली, तर लाखो रुपयांच्या कमानीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

पैशांचंही पाहू. आपल्याकडे पानाच्या टपरीवर यूपीआय चालतं, पण साध्या परदेशी पाहुण्याच्या फोनमध्ये ते नसतं. चिनी माणसाला फोननं पैसे द्यायची सवय आहे, पण त्याची ॲप वेगळी. जपानी माणूस रोख जवळ बाळगतो, मात्र रुपये कुठून आणणार? म्हणून परदेशी कार्ड चालणारं एखादं यंत्र आणि चालू असलेलं एटीएम गावात आहे की नाही, हे आधी तपासावं.

भाषेचा बाऊ करू नये. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदतवाहिनी हिंदी-इंग्रजीसोबत जपानी आणि चिनीसह दहा परकीय भाषांत चालते. हा क्रमांक प्रत्येक लॉजच्या काउंटरवर लिहिलेला असावा. शिकायचंच असेल, तर जपानीच्या परीक्षेत पाच पायऱ्या असतात. पाचवी सर्वांत सोपी, पहिली सर्वांत कठीण. ही परीक्षा पुण्यातही होते. अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या मुलीनं तिसरी पायरी गाठली, तर गटासोबत फिरून कामापुरतं बोलणं तिला जमेल. शिलालेख समजावून सांगायला मात्र इतिहास यावा लागतो. भाषा येऊन इतिहास न येणारा गाइड पाहुण्याला लगेच कळतो.

७. वऱ्हाडाचा हक्क

आता मुख्य गोष्ट. अजिंठ्याची सर्वांत सुंदर चित्रं ज्या काळात रंगवली गेली, तो पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. त्या वेळी तिथे सत्ता होती वाकाटक घराण्याच्या वत्सगुल्म शाखेची, आणि राजा होता हरिषेण. सोळावं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा हरिषेणाचा मंत्री. त्याचा शिलालेख त्या लेण्यात आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं.

ज्या भिंती पाहायला जपानी माणूस येतो, त्या भिंतींमागची राजधानी आपल्या जुन्या अकोला जिल्ह्यात होती. ह्युएन त्संगानं टिपलेले दगडी हत्ती ज्या लेण्याच्या दारात आहेत, ते लेणं वाशीमच्या मंत्र्यानं करवलं. हे सांगणारा एक नीट फलक वाशीमच्या स्टेशनवर किंवा पद्मतीर्थापाशी, मराठीबरोबर जपानी आणि चिनीत असावा, यात अवघड काय आहे?

खरं सांगायचं तर वाशीममध्ये वाकाटकांचा उभा राजवाडा दाखवता येणार नाही. वाशीमला मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला आणि या शाखेचा इतिहास त्यातून उलगडला. संस्कृत कवी राजशेखरानं वत्सगुल्माचा उल्लेख विदर्भातलं मदनाचं क्रीडास्थान असा केला आहे. म्हणजे दाखवायला कमी आणि सांगायला पुष्कळ, अशी स्थिती आहे. अशा गावाला एक चांगली खोली पुरते : ताम्रपटाचं छायाचित्र, वराहदेवाच्या लेखाचा ठसा, अजिंठ्यापर्यंतचा नकाशा, आणि शेजारी होर्यूजीच्या बोधिसत्त्वाचं चित्र.

सोबतीला आणखी काही आहे. अकोल्याच्या वाटेवर पातूरची कोरीव लेणी आहेत. बुलडाणा जिल्ह्यात पूर्णेकाठी भोन इथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा प्राचीन स्तूप सापडला. ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते, याची खंत बौद्ध देशांतल्या अभ्यासकांआधी आपल्याला वाटायला हवी. विदर्भाचं जपानशी नातं आजही चालू आहे. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई कित्येक दशकं नागपुरात आहेत. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून उभं राहिलं. जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. चिनी पाहुण्याला सांगण्यासारखंही एक आहे : १९३८ मध्ये भारतानं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

८. एक दिवस बसवून पाहू

जपानी नोकरदाराला सलग रजा थोडी मिळते. त्याची भारतसहल साधारण आठवड्याची. त्यातले दोन दिवस विमानात, दोन अजिंठा-वेरूळला. वऱ्हाडानं त्याच्याकडे एकच दिवस मागावा.

सकाळी साडेसहाला संभाजीनगरहून निघायचं. लोणार सुमारे १५० किलोमीटर, साडेदहापर्यंत पोचता येतं. बेसॉल्ट खडकात उल्कापातानं झालेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर जगात दुर्मिळ आहे. २०२० पासून ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. वयस्करांना खाली उतरवू नये. काठावरून दर्शन आणि गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर पुरे. साडेबाराला जेवण. दीडला निघून साडेतीनच्या सुमारास वाशीम. तिथे एक तास. मग मालेगाव-पातूरवरून साधारण ८० किलोमीटर, साडेसहाला अकोला. रात्री गरम पाण्याची अंघोळ, साधं जेवण आणि मुक्काम, किंवा मुंबई-नागपूरची गाडी.

बेरीज केली तर गाडीतच आठेक तास जातात. म्हणून पातूरची लेणी या दिवसात घालू नयेत, ती अकोल्यात दुसरी सकाळ काढणाऱ्यांसाठी ठेवावीत. लेण्यांचा मोह टाळणारा आखणीकारच पाहुण्याला सांभाळतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यानं मेहकरवरून लोणारची वाट सोपी झाली आहे, आणि एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमानही आहे. मेळघाट-चिखलदऱ्याची जोडणी करायची असेल, तर ते उपयोगी पडेल.

तारखा मात्र जपून निवडाव्यात. जपानची मोठी सुट्टी एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यात येते. तेव्हा अकोल्यात पारा ४४-४५ वर असतो. त्या दिवसांत कुणाला बोलावू नये. वर्षअखेरची सुट्टी, फेब्रुवारी-मार्चमधली विद्यापीठांची सुट्टी आणि जानेवारी-फेब्रुवारीतलं चिनी नववर्ष हे आपले दिवस. हवा गोड असते, संत्री बाजारात असतात. ताजी संत्री पाहुण्याला परत नेता येत नाहीत. तिथले फळांबाबतचे नियम कडक आहेत. त्यानं ती इथंच खावीत आणि सोबत संत्राबर्फीची किंवा चिखलदऱ्याच्या कॉफीची लहान पुडकी न्यावीत. जपानी माणूस प्रवासातून कचेरीतल्या प्रत्येकासाठी काहीतरी नेतो, म्हणून एका मोठ्या डब्यापेक्षा वेगळी बांधलेली, तारीख छापलेली दहा पुडकी लवकर खपतात.

यातल्या कशालाही परदेशी कर्ज लागत नाही. वाशीम, लोणार आणि अकोल्यातल्या लॉजमालकांनी या हिवाळ्याआधी सी फॉर्मची नोंदणी करून घ्यावी आणि गिझर संध्याकाळी चालू ठेवावा. वाशीमच्या नगर परिषदेनं वराहदेवाचा फलक लावावा. शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी मुलांना अजिंठ्याच्या सहलीला नेताना सोळाव्या लेण्यातला तो शिलालेख दाखवावा आणि हा आपल्या वाशीमच्या मंत्र्याचा आहे, असं आवर्जून सांगावं.